चिवड्याचं पाकीट आणि आलवणाची पाटी : बडोद्यातल्या एका डिझाईन स्टुडिओचं काम

दांडिया बाजारच्या अंगाला एका जुन्या इमारतीत, खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर दोन खोल्या, असा हा स्टुडिओ. माणसं पाच. नाव इथे देत नाही, कारण पुढे त्यांच्या चुका मिलिमीटरमध्ये मोजल्या आहेत आणि त्यातल्या काही त्यांनी पदरचे पैसे घालून निस्तरल्याही आहेत. बडोद्याच्या छपाईवाल्यांत दोन प्रश्न विचारले तर पत्ता लागतोच.

परीक्षणाला त्यांची दोन कामं घेतली. एक फरसाणाच्या चार पाकिटांचं घराणं : लीलो चिवडो, पोह्यांचा चिवडा, भाकरवडी आणि शेव. दुसरं रावपुऱ्यामागच्या एका वाड्यात कौटुंबिक ट्रस्टने मांडलेलं तीन खोल्यांचं संग्रहालय. दोन्ही कामं एकाच वर्षातली आणि एकाच हातची. पाकीट चांगलं उतरलंय. संग्रहालयाचं काम आधी बिघडलं, मग बरंचसं सावरलं. बिघडण्याचं कारण सौंदर्यदृष्टीत शोधू नका. चिवड्याच्या पाकिटावरचं अक्षर किती मिलिमीटरचं हवं हे कायदा सांगतो आणि दुकानात येऊन मोजणारा निरीक्षकही असतो. आजीच्या लुगड्याखालची पाटी कोणीच मोजत नाही.

आधी पाकीट.

रोटो छपाईत, म्हणजे कोरलेल्या धातूच्या सिलेंडरांनी फिल्मच्या रोलवर होणाऱ्या छपाईत, प्रत्येक रंगाला वेगळा सिलेंडर लागतो आणि खरा खर्च तिथेच होतो. सहा रंग आणि चार पाकिटं म्हणजे सरळ हिशेबाने २४ सिलेंडर. स्टुडिओने हे काम ९ सिलेंडरांत बसवलं. पितळी डब्याचं चित्र चारही पाकिटांवर तेच ठेवलं, त्यामुळे निळा, लाल आणि पिवळा सामाईक झाले. पांढराही सामाईक. पाचवा खास रंग प्रत्येक पाकिटाला वेगळा दिसतो, पण सिलेंडर एकच आहे, फक्त शाई बदलते : लीलोला कैरीचा हिरवा, शेवेला हळदी, भाकरवडीला विटकरी, पोह्यांना जांभळा. बदलतो तो फक्त काळा सिलेंडर. पदार्थाचं नाव, घटक, पोषणमूल्यं, बारकोड हे सगळं काळ्यातच टाकलंय. पाच सामाईक आणि चार काळे. नवीन चव आली की एकच सिलेंडर कोरायचा. ग्राहकाला हे कधी दिसणार नाही, पण मालकाला दर वर्षी दिसेल.

बारीक मजकूर एकट्या काळ्यात ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. रोटोत रंगावर रंग बसताना ०.२–०.३ मिमी इकडेतिकडे होतंच. दोन-तीन रंग मिळून केलेलं सहा पॉईंटचं देवनागरी अक्षर असेल तर रफार एका रंगात आणि काना दुसऱ्यात दिसायला लागतो. शिवाय सिलेंडरवर अक्षराची कड बारीक खळग्यांनी बनते, त्यामुळे ती करवतीसारखी उठते. बारीक अक्षरासाठी मध्यम जाडीचा, मोकळ्या पोटाचा टाईप हवा. यांनी ‘मुक्त’ हा फॉन्ट वापरला. निवड शहाणी आहे, कारण त्यात देवनागरी आणि गुजराती एकाच हातच्या आहेत आणि परवाना खुला आहे.

दोन लिप्यांचं गणित मात्र टाईप निवडून संपत नाही. गुजरातीला शिरोरेषा नाही. एकाच पॉईंटात ‘लीलो’ दोन्ही लिप्यांत लिहिलं की गुजराती नाव हलकं आणि लहान वाटतं, देवनागरी डोक्यावर पाट घेतल्यासारखी जड. इथे गुजराती सुमारे ८ टक्के मोठं केलंय आणि शिरोरेषा थोडी बारीक केलीय. शेल्फपासून चार पावलं मागे उभं राहिलं की दोन्ही नावं सारख्या आवाजात बोलतात. बडोद्यात हे जमायलाच हवं. निम्मं गिऱ्हाईक एका लिपीत वाचतं, निम्मं दुसऱ्या, आणि पदार्थाला लीलोच म्हणतात, ओला चिवडा कुणीच म्हणत नाही.

पारदर्शक खिडकी ठेवली नाही, हेही बरं केलं. माल दिसावा असा मालकांचा हट्ट असतो. पण तळलेल्या पदार्थातलं तेल उजेडाने लवकर खवट होतं आणि दुकानदार पाकिटं ट्यूबलाईटखालीच टांगतो. म्हणून मेटलाईज्ड थर सलग ठेवलाय. त्यावर पांढरा पातळ मारला असता तर खालची चांदी डोकावून पिवळा मळकट झाला असता. इथे पांढरा दाट आहे, आणि हळदी रंग हळदीसारखाच दिसतो.

आता चुका.

पहिल्या रोलवर मशीनने पाकिटं भलतीकडेच कापली. पाऊच मशीनचा सेन्सर रोलच्या कडेच्या पट्टीतला काळा चौकोन, म्हणजे आय मार्क, बघून कापतो. त्या पट्टीत दुसरं काही छापायचं नसतं. डिझाईनमधली तोरणाची वेलबुट्टी थेट कडेपर्यंत गेली होती, आणि सेन्सरला तोरणाचं प्रत्येक पान आय मार्क वाटलं. पीडीएफ व्हॉट्सॅपवर पास झाली होती. मोबाईलवर पाकीट पाकिटासारखं दिसतं, रोलसारखं नाही, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. पट्टी १२ मिमी मोकळी केली, सिलेंडर पुन्हा कोरला, खर्च स्टुडिओने सोसला. त्यांच्याकडून काम घेणाऱ्याने प्रूफ मागताना तीन रिपीट, म्हणजे रोलवर येतात तशी एकामागोमाग तीन पाकिटं, सलग जोडलेली, सील आणि आय मार्कच्या पट्ट्या दाखवणारी फाईल मागावी. आणि ती पॅकिंग मशीन चालवणाऱ्या माणसाला दाखवावी. मालकाला दाखवून उपयोग नाही.

दुसरी चूक भाषेची. मागच्या बाजूला ‘उघडल्यावर दुसऱ्या डब्यात काढून ठेवा’ असं हवं होतं. पहिल्या प्रूफात ‘दुसर्या’ आलं. हा जुना रोग आहे. मॅटर जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाईप करून आणतात, मग कन्व्हर्टरमधून काढतात, आणि ‘ऱ्य’चा आडवा र रफार होऊन डोक्यावर चढतो. तऱ्हा, दऱ्या, बिचाऱ्या, सगळ्यांची हीच गत. गुजराती किंवा हिंदी वाचणाऱ्या ऑपरेटरला त्यात चूक दिसतच नाही. मॅटर आधीपासूनच युनिकोडमध्ये द्यावं, आणि फाईल कर्व्ह झाल्यावर छापील कागदावर पुन्हा एकदा वाचावं. कर्व्ह केल्यावर अक्षर म्हणजे नुसतं चित्र, त्यात काही सुधारता येत नाही. म्हणून कर्व्ह न केलेली प्रतही आपल्याकडे मागून ठेवायची.

कायद्याचा भाग त्यांना तोंडपाठ आहे. पुढच्या बाजूचं क्षेत्रफळ १०० ते ५०० चौरस सेंमी असेल तर शाकाहारी खुणेचं हिरवं वर्तुळ किमान ४ मिमी व्यासाचं लागतं, १०० च्या आत ३ मिमी. दोन्ही बरोबर आहेत. फूड लायसन्सचा १४ आकडी नंबर सीलमध्ये अडकत नाही. बॅच, तारीख आणि किमतीसाठी कोरा पांढरा चौकोन ठेवलाय, त्यावर लॅकर नाही, त्यामुळे कोडिंगची शाई बोटाने पुसली जात नाही. बारकोड काळा, पांढऱ्यावर. ब्रँडच्या लाल रंगात बारकोड छापायची हौस अनेकांना असते. स्कॅनरचाही उजेड लाल असतो, त्याला ती पट्टी कोरी दिसते. पूर्ण मापाचा बारकोड ३७.२९ बाय २५.९३ मिमी असतो आणि ८० टक्क्यांपर्यंत कमी करता येतो. यांच्या ५० ग्रॅमच्या पाकिटावर तो बरोबर ८० टक्के आहे, डावी-उजवीकडची मोकळी जागाही राखलीय. पट्ट्या रोल धावतो त्याच दिशेने आहेत, त्यामुळे शाई ओढली गेली तरी पट्टी जाड होत नाही, फक्त थोडी लांब होते. इतकी काळजी बडोद्यात फार ठिकाणी दिसत नाही.

खोक्यावरचा लोगो मात्र नापास. तीन प्लायच्या खोक्यावर एका रंगात रबरी ठशाने छापताना अर्ध्या मिलिमीटरहून बारीक रेघ टिकत नाही. डब्याच्या कडीची नक्षी तिथे नुसता काळा डाग होते. खोक्यासाठी लोगोची वेगळी, जाड आवृत्ती लागते, आणि ती ब्रँडच्या पुस्तिकेत नाही.

पैशांचं. पहिल्या पाकिटाला ४० हजार, त्याच घराण्यातल्या पुढच्या प्रत्येकाला ९ हजार, वर १८ टक्के जीएसटी. दोन फेऱ्या दुरुस्ती धरलेली, तिसरीपासून तासावर. दर वाजवी आहे. करारातली एक ओळ मात्र बदलून घ्यावी. लोगो कुणाच्या मालकीचा हे त्यांच्या कागदात धूसर आहे. बाहेरून करून घेतलेल्या लोगोचा कॉपीराईट आपोआप आपला होत नाही. लेखी हस्तांतरण लागतं, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो. ‘कायमस्वरूपी, सर्व माध्यमांसाठी, जगभर’ हे शब्द घालायला लावा. ट्रेडमार्कचा अर्ज करताना धान्याच्या फरसाणाचा वर्ग ३० आणि बटाट्याच्या कुरकुरीत पदार्थांचा २९, हे त्यांनी आपणहून सांगितलं. नोंदणी होईपर्यंत वर्तुळातला आर न छापता टीएम छापलं, तेही बरोबर. नोंदणीआधी आर छापणं हा गुन्हा आहे.

आता वाडा.

बडोद्यात वाडा आणि संग्रहालय या दोन्ही गोष्टी लोकांच्या अंगवळणी पडलेल्या आहेत. तांबेकर वाड्यातली भिंतीवरची चित्रं पाहायला शाळेच्या सहली जातात, आणि कमाटीबागेतल्या १८९४ च्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा न पाहिलेला बडोदेकर विरळा. सांगाड्यापुढे पोरं थांबतातच, पाटी असो वा नसो. तांब्या-पळीपुढे कुणी थांबत नाही. तिथे पाटीला काम करावं लागतं. ट्रस्टकडे असल्याच वस्तू होत्या : जातं, पाटा, पितळी डबे, मोडीतली पत्रं, दोन शालू, आणि एक आलवण, म्हणजे विधवेला नेसावं लागे ते लाल लुगडं.

स्टुडिओने पहिल्या मांडणीत तीनही खोल्यांना पाकिटाच्या सवयी लावल्या. काळी पार्श्वभूमी, सोनेरी मथळा, खाली पांढरी बारीक अक्षरं. प्रीमियम चहाच्या डब्याला हे शोभतं. वाड्याच्या खिडकीसमोर काच आणि काचेमागे काळा फलक आला की आरसा तयार होतो. बघणाऱ्याला स्वतःचा चेहरा आणि मागची खिडकी दिसते, मोडी पत्र दिसत नाही. वरून ग्लॉस लॅमिनेशन. दुपारी बारा ते तीन त्या खोलीत कुठलाच फलक सरळ उभं राहून वाचता येत नव्हता.

अक्षर १४ पॉईंटचं होतं. पडद्यावर मोठं करून बघितलं की १४ पॉईंट भरपूर वाटतात. काचेपासून दोन फूट दूर, मंद दिव्यात, साठीच्या पुढच्या डोळ्यांना देवनागरी २४ पॉईंटच्या खाली त्रासाची होते. देवनागरीत वर वेलांटी-रफार आणि खाली उकार, त्यामुळे त्याच पॉईंटात अक्षराचं मूळ अंग रोमनपेक्षा लहान राहतं. दोन ओळींतलं अंतरही दीडपट ठेवावं लागतं, नाहीतर वरचा उकार खालच्या मात्रेला चिकटतो. पाट्यांची उंचीही एकसारखी १७० सेंमी होती, म्हणजे चित्रकाराच्या डोळ्यासमोर. भिंतीवरच्या पाटीचा मध्य जमिनीपासून १३५–१४० सेंमीवर ठेवला की उभा माणूस, चौथीतलं पोर आणि व्हीलचेअरवरच्या आजी, तिघांचं भागतं.

साहित्याची चूक जास्त महाग पडली असती. शोकेसच्या आत वस्तूंखाली पीव्हीसीचं सनबोर्ड आणि रबरी गोंदाची दुहेरी टेप वापरली होती. दुकानाच्या खिडकीत हे चालतं, कारण तिथला माल महिन्याने बदलतो. बंद काचपेटीत पीव्हीसीमधून क्लोरीनयुक्त वाफा सुटतात आणि तांब्या-पितळेवर हिरवे ठिपके येतात. रबर आणि लोकरीच्या फेल्टमधल्या गंधकाने चांदी काळी पडते. ताज्या एमडीएफमधून आम्ल आणि फॉर्मल्डिहाईड येतं. अशा साहित्याची परीक्षा करायची साधी रीत १९७३ पासून जगभर वापरात आहे. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडींनी ती बसवली : नमुना, चांदी-तांबं-शिशाच्या पट्ट्या आणि थोडंसं पाणी बंद काचनळीत, ६० अंशांवर २८ दिवस. धातू डागाळला तर साहित्य बाद. या शहरात विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्र शिकवलं जातं. तिथल्या जाणकाराला दोन दिवसांच्या सल्ल्याला बोलावलं असतं तर टेपचा प्रश्न पहिल्या चहाच्या आत सुटला असता. स्टुडिओने बोलावलं नाही. ‘आम्ही डिस्प्ले करतो’ असं सांगितलं, आणि ट्रस्टला डिस्प्ले आणि जतन यातला फरक कुणी समजावला नाही. आता पेटीत आम्लमुक्त पुठ्ठा आणि न ब्लीच केलेलं, दोनदा उकळून धुतलेलं सुती कापड आहे.

दिवेही बदलले. शालूवर आधी दुकानाचा स्पॉटलाईट होता, जवळजवळ ३०० लक्स (लक्स हे उजेडाचं माप). कापड, कागद आणि जलरंगाला ५० लक्सची मर्यादा मानतात, आणि नुकसान साठत जातं. रोज ८ तास, वर्षाला ३०० दिवस, ५० लक्स धरला तर १ लाख २० हजार लक्स-तास होतात. ३०० लक्सवर तोच वर्षाचा वाटा ५० दिवसांत संपतो. आता पेटीसमोर माणूस आला की दिवा लागतो आणि दीड मिनिटाने विझतो. शालूला उरलेला दिवस अंधार मिळतो.

हे सगळं दुरुस्त करता येण्यासारखं. मॅटरची गोष्ट वेगळी, आणि खरी परीक्षा तिथेच झाली.

आलवणाची पहिली पाटी ट्रस्टच्या यादीतून उचललेली : ‘आलवण. सुती. अंदाजे १९१०.’ बाहेरून आलेल्या गुजराती कुटुंबाला यातून काय कळणार? जाडंभरडं लाल लुगडं, एवढंच. स्टुडिओच्या कॉपीरायटरने ही उणीव ओळखली हे त्याच्या बाजूने. मग त्याने पाकिटाला लावतात तशी टॅगलाईन लावली. काळ्यावर सोनेरी, ९० पॉईंट : ‘तिचं मौन, आपला वारसा.’

या ओळीत सगळंच बिघडलंय. तिचं मौन हे तिने निवडलं नव्हतं, आणि ‘आपला वारसा’ म्हणताच ते आपल्या अभिमानात जमा होतं. तिच्याविषयी माहिती शून्य. टॅगलाईनचं काम घाईतल्या माणसाला तीन सेकंदांत होकार द्यायला लावणं. आलवणापुढे होकार नको असतो, थोडं अडखळायला हवं असतं. मोठं विशेषण लावून माणूस अडखळत नाही, हळहळतो आणि पुढच्या पेटीकडे जातो.

तिसरा मसुदा ट्रस्टमधल्या एका निवृत्त शिक्षिकेने आणि स्टुडिओच्या कॉपीरायटरने मिळून केला, घरातल्या वह्या समोर ठेवून. आज पेटीत आहे तो असा :

‘आलवण. सुती, नऊवारी. साधारण १९१०.
नवरा वारला तेव्हा हे नेसणारी सोळा वर्षांची होती. घरच्यांनी न्हावी बोलावला. त्यानंतर एकावन्न वर्षं ती याच घरात राहिली. स्वयंपाक तिच्याकडे असे. पंगतीत तिचं पान नसे.
बडोदे संस्थानात बालविवाहाविरुद्धचा कायदा १९०४ साली झाला. तिचं लग्न त्याच्या पुढच्या वर्षी झालं.’

पन्नास शब्दांच्या आत. एकही विशेषण भावनेचं नाही. काम दोन आकडे करतात, १९०४ आणि त्याच्या पुढचं वर्ष, आणि ते कुणी समजावून सांगत नाही. मधल्या मसुद्यात ‘तिचे केस काढण्यात आले’ असं होतं. मराठीतलं हे ‘काढण्यात आले’ फार सोयीचं. न्हावीही सुटतो आणि त्याला बोलावणाराही. ‘घरच्यांनी’ हा शब्द घालायला ट्रस्टच्या दोन सदस्यांचा विरोध होता, कारण ते घर त्यांचंच. शेवटी तो राहिला. स्टुडिओने इथे बाजू घेतली, आणि फी देणाऱ्याच्या विरुद्ध घेतली. याचे गुण त्यांना द्यायलाच हवेत.

‘हे नेसणारी’ हेही विचारपूर्वक केलेलं आहे. वहीत तिचं नाव नाही, नुसतं नातं आहे. नाव बनवून घालण्याचा मोह टाळला.

तिसऱ्या खोलीत, शहराच्या फलकांत, हेच पुन्हा झालं आणि तिथे अजून दुरुस्ती अर्धवट आहे. डॉ. आंबेडकरांच्या फलकावर १९१३ ची बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती ६० पॉईंटात आहे. १९१७ खाली १८ पॉईंटात : ‘नोकरीवर रुजू झाल्यावर त्यांना राहायला जागा न मिळाल्याने शहर सोडावे लागले.’ वाक्य खोटं नाही. पण ‘सोडावे लागले’ यात सोडायला लावणारे कुठे आहेत? आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवलंय की जात लपवून ते पारशी धर्मशाळेत उतरले, डझनभर माणसं काठ्या घेऊन आली आणि त्यांना खोली सोडायला लावली, ओळखीच्यांनी घरात घ्यायला सबबी सांगितल्या, आणि मुंबईची गाडी येईपर्यंतचे तास त्यांनी कमाटीबागेत काढले. ती बाग या वाड्यापासून रिक्षाने फार लांब नाही. शिष्यवृत्ती मोठ्या अक्षरात आणि काठ्या अजिबात नाहीत, ही मांडणी ब्रँडची आहे : विकायचं ते वर, अडचणीचं ते मागच्या बाजूला ‘अटी लागू’सोबत. अक्षराचा आकार हेच इथे मत असतं. दोन्ही घटना एकाच आकारात, शेजारीशेजारी, आणि क्रियापदाला कर्ता जोडून : एवढं केलं तर फलक उभा राहील. नवीन मसुदा तयार आहे, छापलेला नाही.

तीन भाषांची रचना मात्र उत्तम. प्रत्येक फलकावर मराठी डावीकडे, गुजराती मध्ये, इंग्रजी उजवीकडे, सगळीकडे तीच जागा आणि तोच आकार. दुसऱ्या फलकापासून डोळा आपोआप आपल्या रकान्यात जातो. भाषेला रंग दिले नाहीत, हे बरं झालं. रंग आले की लोक अर्थ शोधायला लागतात. फलक ३ मिमी एसीपीवर (दोन ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेल्या पाटीवर) यूव्ही छपाई, मॅट, भिंतीपासून २५ मिमी पुढे स्क्रूवर धरलेले. चुन्याच्या भिंतीला टेप धरत नाही आणि पावसाळ्यात भिंत पाणी पिते. मधल्या फटीतून हवा खेळते म्हणून फलकामागे बुरशी धरत नाही.

क्यूआर कोड सपशेल फसलाय. कोड २ सेंमीचा आणि पेटीच्या मागच्या भिंतीवर, म्हणजे फोनपासून तीन फुटांवर. ढोबळ नियम असा की जितक्या अंतरावरून टिपायचा त्याच्या दहाव्या भागाइतका कोड हवा, म्हणजे इथे ९ सेंमी. त्यातून वाड्याच्या दोन फुटी भिंतींत नेटवर्क नाही. आणि कोड भाड्याच्या सेवेवरचा. वर्षाचं भाडं थकलं की सगळे कोड एका रात्रीत मुके. आवाजाच्या फाईली ट्रस्टच्या स्वतःच्या पत्त्यावर ठेवून साधा, न बदलणारा कोड छापावा, किंवा कोड काढून एक बटण आणि छोटा स्पीकर बसवावा. आजींना बटणच आवडेल.

तर यांच्याकडे जावं का? पाकीट, लेबल, खोकं, दुकानाची पाटी यासाठी बिनधास्त, फक्त खोक्यासाठी जाड लोगो वेगळा मागा. संग्रहालयासाठीही जावं, पण तीन अटींवर. मॅटर लिहिणारा माणूस आपला असावा आणि त्याचे पैसे वेगळे मोजावे. यांच्या कोटेशनमध्ये मजकूर ‘डिझाईनमध्ये समाविष्ट’ असतो आणि त्याला तेवढाच वेळ मिळतो. जतनाचा सल्लागार कामाच्या आधी आणावा. आणि फलक छापायच्या आधी साध्या कागदावर खऱ्या मापाची प्रिंट काढून, त्याच भिंतीवर, दुपारी आणि संध्याकाळी, चष्म्याच्या माणसाला वाचायला लावावी. दोन-तीनशे रुपयांचं काम आहे. वाड्यात ते केलं असतं तर काळे फलक छापलेच गेले नसते.

काम संपल्यावर हार्ड डिस्क मिळते. ती तिथेच उघडून बघा : कर्व्ह केलेल्या आणि न केलेल्या दोन्ही फाईली, फॉन्ट आणि त्यांचे परवाने, खास रंगांचे क्रमांक, फोटोंच्या मूळ प्रती, फलकांच्या स्क्रूच्या मापांचा नकाशा. वाड्याच्या डिस्कमध्ये हा नकाशा नव्हता, मागितल्यावर दोन दिवसांत आला. बुधवारी आणि शनिवारी दुपारी सगळे प्रेसवर असतात, तेव्हा फोन लावू नका. जिना अंधारा आहे आणि तिसऱ्या पायरीचा कठडा हलतो.